गुडघेदुखीवर व्यायाम: कोणता, किती, आणि दुखत असताना करायचा का?

शाल्मली_सांगली
नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्यांसाठी धागा काढतेय. इथले जुने धागे चाळले, पण ते सगळे लेप, तेल आणि "अमुक डॉक्टर चांगले" यातच फिरतात. मला फक्त व्यायामाबद्दल विचारायचंय.

आई ६३ वर्षांची, वजन ७४ किलो, उंची बेताची. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. जिना उतरताना सगळ्यात वाईट. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं आखडलेले असतात, मग सुटतात. एक्स-रेच्या रिपोर्टवर ग्रेड ३ लिहिलंय. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, व्यायाम करा, आज ना उद्या गुडघा बदलावा लागेल. फिजिओकडे शेक आणि मशीन झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, थांबवल्यावर जैसे थे. निघताना हातात एक झेरॉक्स दिली: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबा, पाय सरळ उचलून धरा, दहा-दहा वेळा. आई थोडे दिवस करते, जरा ठणकलं की कागद परत टीव्हीखालच्या खणात.

तिचं म्हणणं असं, की "जातं झिजलं तर टाकी लावून घेता येते, गुडघ्याला कोण लावणार? आधीच घासून गुळगुळीत झालंय, आणि हे म्हणतात अजून घास." मला याचं उत्तर देता येत नाही. दुखत असताना करायचं की नाही? नुसतं चालणं पुरेल का? किती दिवसांत फरक कळतो?

रानवाट
ताई, व्यायाम नंतर. आधी रात्री झोपताना निर्गुंडीचं तेल कोमट करून हलक्या हाताने जिरवा आणि सकाळी अनशापोटी भिजवलेली मेथी. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतं.

खवचट_काका
धागाकर्तीने पहिल्याच परिच्छेदात सांगितलं की तेल नको, आणि पहिलाच प्रतिसाद तेलाचा. परंपरा राखल्याबद्दल अभिनंदन.

आता माझा प्रश्न, आणि हा खवचटपणा नाही. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतं ते आवरण, व्यायामाने भरून येते का? नसेल येत तर व्यायाम नेमका काय बरं करतो?

फिजिओ_मुक्ता
काका, भरून येत नाही. येते असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे पैसे भरू नका. शाल्मली, याच प्रश्नातून तुझ्या आईचं उत्तर निघतं, म्हणून जरा लांबण लावते.

जात्याच्या दगडाला पेशी नसतात, कूर्चेला असतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर व्हायला तिच्यावर दाब पडावा आणि सुटावा लागतो. बसून राहिलेल्या गुडघ्याला विश्रांती मिळते असं वाटतं, पण त्याचं पोषणही कमी होतं. बेताने वाढवत नेलेल्या व्यायामाने झिजलेल्या गुडघ्याची कूर्चा आणखी झिजते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. हे आईला नीट सांग, कारण तिला खरी भीती त्याचीच आहे.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूची, क्वाड्रिसेप्सची. गुडघा दुखला किंवा सुजला की मेंदू या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. माणूस तो पाय जपतो, जपलेला स्नायू बारीक होतो, मग जिना उतरताना शरीराचा भार आवरायला कुणी उरत नाही. ज्यांच्या कृत्रिम सांध्यात दाब मोजणारी यंत्रणा बसवली होती अशा रुग्णांवर मोजमाप झालंय: सपाटीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण अडीच पट दाब येतो, जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. ७४ किलोला साडेतीनने गुणून बघ. उतरतानाच का दुखतं ते कळेल.

आता त्या झेरॉक्सबद्दल. टॉवेल दाबणं आणि पाय उचलणं वाईट नाही. नुकतंच ऑपरेशन झालेल्या किंवा खूप सुजलेल्या गुडघ्यासाठी ती चांगली सुरुवात आहे. पण तुझी आई रोज दोन मजले चढते-उतरते. तिला पलंगावर पडून पाय उचलायचा नाहीये, खुर्चीतून उठायचं आहे, पायरी उतरायची आहे. व्यायामही तोच हवा.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, बसायच्या जागी दोन जाड उशा. हात छातीशी घेऊन उठायचं, आणि बसताना धपकन न पडता मनात तीन म्हणत हळू बसायचं. जमतील तेवढे, साधारण आठ ते बारा, थोडं थांबून असे दोन-तीन वेळा. शेवटचे दोन-तीन कष्टाने व्हायला हवेत. सहज बारा व्हायला लागले की एक उशी काढायची. मग दुसरी. मग हातात पाण्याची भरलेली बाटली. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं (खुब्याचा बाजूचा स्नायू, याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात), आणि थोडी ताकद आली की जिन्याच्या खालच्याच पायरीवर कठडा धरून चढ-उतार. हे एक दिवसाआड. मधल्या दिवशी सपाटीवर चालायचं.

दुखण्याबद्दल: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. व्यायाम करताना दोनपर्यंत काळजीच नाही, पाचपर्यंत चालेल, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीला यायला हवं. नाही आलं किंवा गुडघा सुजला, तर पुढच्या वेळी निम्मं करायचं. बंद करायचं नाही. सुरुवातीला थोडं वाढतंच, हे आधी सांगितलं नाही की माणसं कागद खणात टाकतात.

सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय "फरक नाही" म्हणू नका. स्नायूला ताकद यायला तेवढा वेळ लागतो.

पांढराकोट
मुक्ताताईंनी व्यायामाची बाजू व्यवस्थित मांडली आहे. मी निवृत्त आहे, त्यामुळे वेळच वेळ. डॉक्टरी बाजूची थोडी भर घालतो.

एक्स-रेवरची ग्रेड ही केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ सालची पद्धत, शून्य ते चार. फोटोत हाडांमधली जागा किती उरली आणि कडेला काटे किती आले एवढंच ती सांगते. ग्रेड ४ असूनही रोज फिरायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ग्रेड १ वर रडकुंडीला आलेलीही. "ग्रेड ३ आहे, आता व्यायामाने काय होणार" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तर म्हणतात की वय ४५ च्या पुढे, हालचालीने दुखतं, आणि सकाळचं आखडणं अर्ध्या तासात सुटतं, एवढं जुळलं की निदानाला एक्स-रेची गरजच नाही. शाल्मलीताईंनी लिहिलेलं वर्णन तंतोतंत हेच आहे. तीच तत्त्वं असंही सांगतात की उपचारात्मक व्यायाम प्रत्येकाला द्यावा, आणि टेन्स, अल्ट्रासाऊंडसारखी विजेची मशीनं देऊ नयेत, कारण उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही. ग्लुकोसामाइन आणि "वंगणाची इंजेक्शनं" यांचीही तीच गत.

आता "दुर्बिणीने साफ करून घेऊ" याबद्दल, कारण हा सल्ला अजून मिळतो. २००२ साली ह्युस्टनमध्ये १८० रुग्णांवर प्रयोग झाला. काहींचा सांधा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींना फक्त कातडीवर छेद देऊन शिवून टाकलं. दोन वर्षं पाठपुरावा केला. तिन्ही गटांत फरक नाही! पुढे २०१३ मध्ये फिनलंडमध्ये झीज नसलेल्या पण गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेल्या १४६ रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि खोट्या शस्त्रक्रियेने खऱ्याइतकाच गुण आला. २०१६ मध्ये नॉर्वेत १४० जणांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना १२ आठवडे व्यायाम दिला. दोन वर्षांनी दोन्ही गट बरोबरीत, फक्त व्यायामवाल्यांच्या मांड्यांत सुरुवातीला जास्त ताकद आली. एमआरआयमध्ये "गादी फाटली" असं वाचून पन्नाशीच्या माणसाने लगेच टेबलावर चढू नये.

मात्र व्यायाम सुरू करण्याआधी काही गोष्टी बघाच. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप. पडून किंवा मार लागून सुरू झालेलं दुखणं. गुडघा मध्येच अडकून सरळच न होणं. एकाच पोटरीला सूज. सकाळचं आखडणं तासाहून जास्त आणि बोटांची पेरंही सुजलेली. यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. चिकनगुनिया होऊन गेल्यावर सांधे महिनोन्‌महिने धरतात, त्याचा हिशोबही वेगळा. २००६ च्या साथीनंतर आमच्याकडे अशा रुग्णांची रीघ लागली होती, तेव्हा ताप येऊन गेला का हे विचारायला विसरू नका.

आरहूसची_अनु
मी डेन्मार्कमध्ये राहते, म्हणून इथल्या पद्धतीबद्दल लिहिते. इथे २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम आहे, गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी. आधी दोन वर्ग माहितीचे: झीज म्हणजे काय, दुखणं म्हणजे नुकसान का नाही. मग सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, फिजिओच्या देखरेखीखाली गटाने व्यायाम, असे १२ वर्ग. मुक्ताताईंनी सांगितलेली शून्य-ते-दहाची पद्धत तिथेही भिंतीवर लावलेली असते. भर नुसत्या ताकदीवर नसतो. आरशासमोर उभं राहून गुडघा पावलाच्या रेषेत राहतोय ना, आत कलंडत नाही ना, हे बघत प्रत्येक हालचाल करायची.

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांना शेजारणीबरोबर बघायला घेऊन गेले होते. त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते ऐंशीची आजी खुर्चीतून उठताना तोंड वाकडं करत होती आणि तिला कुणी थांबवत नव्हतं याचं. फिजिओने फक्त विचारलं, "किती?" आजी म्हणाली, "चार." आणि पुढे चालू.

अर्धविराम
सगळ्यांनी इतकं एकमुखाने कौतुक केलंय की विरजण घालावंसं वाटतंय. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये गुडघ्याच्या व्यायामावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष बरेच उत्साही होते. २०२४ मध्ये तोच आढावा बऱ्याच जास्त प्रयोगांसह पुन्हा झाला आणि सूर उतरला: दुखणं कमी होतं, पण ते रुग्णाला जाणवण्याइतकं असतं का, याची खात्री देता येत नाही. आणि "जड करत न्या" याबद्दल: २०२१ साली अमेरिकेत ३७७ जणांवर दीड वर्ष प्रयोग झाला. जड वजनं, हलकी वजनं, आणि नुसत्या आरोग्यविषयक बैठका. दुखण्यात लक्षणीय फरक नाही. मुक्ताताई, यावर काय म्हणाल?

फिजिओ_मुक्ता
दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्या रुग्णांपासून लपवत नाही. व्यायामाचा परिणाम मध्यम आहे. जादू नाही. पण कशाच्या तुलनेत ते बघा. वेदनाशामक गोळ्यांचा परिणामही साधारण त्याच मापाचा, आणि साठीच्या बाईने त्या रोज खाल्ल्या तर जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना किंमत मोजावी लागते. आणि या आकड्यांत घरी करणारे, न करणारे, महिनाभर करून सोडणारे सगळे एकत्र मोजलेले असतात.

२०२१ च्या प्रयोगावरून मी एवढंच घेतलं की जिममध्ये जाऊन मशीनवर थाळ्या चढवायची गरज नाही. माझा आग्रह जड करण्यावर आहे तो पुढच्या पायरीपुरता. उशा होत्या त्या काढता आल्या, म्हणजे खालच्या सोफ्यावरून उठता येईल.

अर्धविराम
"न करणारेही मोजले म्हणून आकडा कमी" हे प्रत्येक उपचाराबद्दल म्हणता येईल. गोळ्यांच्या प्रयोगांतही लोक गोळ्या विसरतात. पण मुद्दा पोचला. माझ्या वडिलांना मीच चालायला लावतो, तेव्हा मी विरोधक नाही.

ठाण्याची_माऊ
ऑपरेशनची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून मी. आईचे दोन्ही गुडघे बदललेत आणि ती आता मजेत आहे. व्यायामाचा इतका गजर ऐकून ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. रात्रीची झोप जात असेल, घरातल्या घरात चालवत नसेल, पाय धनुष्यासारखे वाकले असतील, तर बदलून टाका. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आला होता. आधी दीड लाखाच्या घरात असायचा. हॉस्पिटलचं बाकीचं बिल वेगळं, ते मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा.

आणि व्यायाम तिथेही सुटत नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं करतात. आधी मांडीत ताकद असेल तर नंतरचे आठवडे सोपे जातात.

पांढराकोट
माऊताई, बरोबर. यावरही डेन्मार्कमध्येच १०० रुग्णांवर चाचणी झाली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना गुडघा बदलून मग १२ आठवडे व्यायाम, आहार, समजावणी वगैरे. निम्म्यांना शस्त्रक्रियेविना तेवढंच. वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटाला आराम जास्त होता, जवळपास दुप्पट. पण गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात जास्त. आणि नुसत्या व्यायामाच्या गटातल्या चारांपैकी साधारण एकानेच वर्षभरात गुडघा बदलून घेतला. हे सगळे बदलण्याइतके झिजलेलेच रुग्ण होते, हे लक्षात घ्या.

खवचट_काका
म्हणजे आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक जिन्यावर चर्चा होते तसं "आज ना उद्या" हे अटळ नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बायकोने अर्धं भिशीचं मंडळ घाबरवलं नसतं.

दिवेघाट
वारीत चालणाऱ्या बायकांबद्दल कुणीतरी लिहील असं वाटलं होतं. माझी मावशी आळंदी ते पंढरपूर चालते. गुडघे दुखतातच, नी-कॅप चढवून दिवे घाट चढते. घरी आल्यावर आठवडाभर आडवी. पण गंमत म्हणजे वर्षातले इतर अकरा महिने ती वाण्याच्या दुकानापर्यंतही चालत नाही. तिला थांबवायची आमच्यात कुणाची प्राज्ञा नाही. मुक्ताताई, तिला काय सांगू?

फिजिओ_मुक्ता
थांबवू नका. वारीच्या तीन महिने आधीपासून आठवड्यातून तीन-चारदा चालायला लावा, रोज थोडं वाढवत, आणि खुर्चीचा व्यायाम. घाट चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड जातं, तेव्हा उतारावर काठी हवी आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण त्याच हातात धरतात. नी-कॅपने धीर येतो, ऊब मिळते, एवढंच. वापरू दे.

शाल्मली_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. जात्याला पेशी नसतात हे ऐकून हसली, पण आज सकाळी खुर्ची भिंतीला लावलेली दिसली.

तीन शंका. तिला बीपीची गोळी आहे, चालेल ना? वजनाचं काय, व्यायामाने उतरेल का? आणि ती विचारतेय की श्रावणात पोथी वाचायला मांडी घालून बसायचं की नाही. डॉक्टरांनी खाली बसणं पूर्ण बंद सांगितलंय आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटतंय.

पांढराकोट
बीपी आटोक्यात असेल तर चालेल. श्वास रोखून जोर लावायचा नाही, उठताना मोठ्याने आकडे मोजायचे, म्हणजे श्वास आपोआप सुटतो. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबून आधी डॉक्टरांना दाखवा.

वजन नुसत्या व्यायामाने फारसं उतरत नाही, ताटातच बघावं लागतं. पण उतरलं तर मोल मोठं: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, असं २००५ च्या एका अभ्यासात मोजलंय. २०१३ मध्ये ४५४ स्थूल रुग्णांवर दीड वर्षाचा प्रयोग झाला, त्यात आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं वजन सरासरी साडेदहा किलोने उतरलं आणि दुखणंही त्यांचंच सर्वांत कमी झालं.

रानवाट
मी तेल सुचवलं होतं तो. व्यायामाआधी तेल चोळून घ्यायला हरकत नाही ना?

फिजिओ_मुक्ता
अजिबात नाही. चोळल्याने बरं वाटतं आणि बरं वाटलं की माणूस हलतो. फक्त तेलकट पायांनी फरशीवर उभं राहू नका.

शाल्मली, मांडीबद्दल. खाली बसणं विष नाही. दुखऱ्या गुडघ्याला पूर्ण वाकवून ठेवणं जड जातं, म्हणून डॉक्टर सरसकट बंद सांगतात. पण वर्षानुवर्षं खाली न बसलेल्या माणसाला मग खाली पडल्यावर उठताच येत नाही, हा धोका मला मोठा वाटतो. आत्ता लगेच नको. दोन्ही उशा निघाल्या, खुर्चीतून सहज दहा-बारा वेळा उठता यायला लागलं, की पाटावर बसायचं, बुडाखाली जाड घडी घालून, एक पाय लांब ठेवून. पोथीचा एक अध्याय झाला की पाय बदलायचा. दुखण्याचा नियम तोच, पाचपर्यंत, आणि सकाळपर्यंत मूळ पातळीला यायला हवं.

उठताना शेजारी जड, न सरकणारी खुर्ची हवी. दोन्ही हात तिच्या बैठकीवर, आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचं (खाली उशी), मग चांगला पाय पुढे टेकवायचा आणि हातांनी रेटत वर. जिन्यावरही तसंच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर. सुरुवातीचे काही दिवस घरात कुणी असतानाच खाली बसू दे.